व्हल्गर अपूर्णांक आणि रूड दगड

सहावीला अपूर्णांक शिकवीत होतो. आमच्या शाळेच्या कपाटात एक जुने इंग्रजी अंकगणित आहे. पुठ्ठा निघालेला, पण आतली उदाहरणे झकास. ती फळ्यावर उतरवून देण्यासाठी पुस्तक टेबलावर ठेवले होते. मधल्या सुट्टीत एका मुलीने ते चाळले असावे. तास सुरू होताच ती उभी राहिली आणि म्हणाली, “सर, अपूर्णांक व्हल्गर कसा काय असतो?” वर्गात खसखस पिकली. बाकी इंग्रजी येवो न येवो, सिनेमाच्या कृपेने हा शब्द सहावीतल्या मुलांनाही कळतो.

पुस्तकातल्या प्रकरणाचे नाव खरोखरच ‘व्हल्गर फ्रॅक्शन्स’ असे होते. मी “जुना शब्द आहे, बस खाली” म्हणून वेळ मारून नेली. शिक्षकाला न शोभणारे उत्तर होते ते. संध्याकाळी कोश उघडला, आणि मग बरेच दिवस तो मिटता आला नाही.

‘व्हल्गस’ म्हणजे लॅटिनमध्ये सामान्य जन, लोक. ‘व्हल्गॅरिस’ म्हणजे लोकांचा, नेहमीचा. खगोलशास्त्रज्ञ आकडेमोडीसाठी ६० आणि ६० चे घात छेदस्थानी असलेले अपूर्णांक वापरत. बाजारात, शिवारात, घरात चालायचे ते तीन चतुर्थांश, पाच अष्टमांश असे. ते लोकांच्या वापरातले, म्हणून व्हल्गर. पुढे दशांश अपूर्णांक आले तेव्हाही जुन्यांना हेच नाव राहिले. आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘व्यवहारी अपूर्णांक’ हा शब्द त्याचा किती नेमका अर्थ सांगतो पाहा. मराठी प्रतिशब्द करणाऱ्याने शब्दाचा आजचा अर्थ न घेता मूळचा घेतला.

विज्ञानाच्या शिक्षकांना हा शब्द दुसरीकडेही भेटलेला असतो. बीटचे शास्त्रीय नाव बीटा व्हल्गॅरिस, घेवड्याचे फॅसिओलस व्हल्गॅरिस. दोन्ही लिनियसने १७५३ साली दिलेली. बीटच्या अंगी असभ्य असे काय आहे? काहीच नाही. ते साधे, सर्वत्र होणारे, एवढेच लिनियसला म्हणायचे होते. हिवाळ्यात तारांवर रांगेने बसणाऱ्या भिंगरीचे नाव हिरुंडो रस्टिका, म्हणजे खेड्यातली. शास्त्रीय नावे गोठलेली असतात. लॅटिन ही कोणाचीच बोलभाषा उरली नसल्याने त्या शब्दांवर नंतरच्या माणसांच्या नाकमुरडण्याचा परिणाम झाला नाही. इंग्रजी मात्र जिवंत राहिली. तिच्यात ‘व्हल्गर’ चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला तो ‘सामान्य’ याच अर्थाने, आणि सतराव्या शतकात त्याचा अर्थ ‘असंस्कृत, हीन अभिरुचीचा’ असा होऊ लागला.

एकच शब्द असा घसरला असता तर गंमत म्हणून सोडून दिले असते. पण उद्धट, असभ्य, अडाणी वर्तनासाठी इंग्रजीत जे शब्द आहेत त्यांची यादी करून एकेकाचे मूळ पाहू लागलो, आणि पुन्हा पुन्हा एकच माणूस सामोरा येऊ लागला. तो होता शेतकरी.

चिठ्ठ्यांचे थर

शब्दाचा अर्थ अमुक शतकात बदलला, हे कशावरून म्हणायचे? विज्ञानाच्या मासिकात हा प्रश्न टाळता येणार नाही. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश हा त्यासाठीचा मुख्य पुरावा आहे. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली त्याचा विचार सुरू झाला. जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले, पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली. तोवर मरे जाऊन तेरा वर्षे झाली होती. पद्धत सरळ होती. देशोदेशीच्या वाचकांनी जुनी पुस्तके वाचायची, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य, पुस्तक आणि साल एका चिठ्ठीवर उतरवून पाठवायचे. मरे यांनी घराच्या आवारात पत्र्याची खोली बांधून तिच्यात या चिठ्ठ्यांसाठी खणच खण केले होते. एका शब्दाच्या चिठ्ठ्या सालवार लावल्या की अर्थ कुठे वळला ते दिसते. खडकांच्या थरांत जीवाश्म जसे खालून वर पाहत जायचे, तसेच हे. सव्वाचार लाखांच्या आसपास शब्द आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणे या कोशात आली.

या शिस्तीमुळे ऐकीव व्युत्पत्त्या गळून पडतात. ‘स्नॉब’ हा शब्द ‘कुलीन नसलेला’ अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांतून झाला, असे मलाही कॉलेजात कोणी सांगितले होते, आणि मीही वर्गात ऐटीत सांगत आलो होतो. पुरावा वेगळेच बोलतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्नॉब म्हणजे चांभार, जोडे शिवणारा. केंब्रिजचे विद्यार्थी गावातल्या कोणाही माणसाला स्नॉब म्हणू लागले. मग खालच्या थरातला तो स्नॉब, मग वरच्यांची नक्कल करणारा स्नॉब. थॅकरेने १८४६-४७ मध्ये ‘पंच’ साप्ताहिकात या मंडळींवर लेखमाला लिहिली तेव्हा तो अर्थ रूढ झाला. आज स्नॉब म्हणजे इतरांना तुच्छ लेखणारा. चांभाराच्या नावाने सुरू झालेला शब्द चांभाराकडे तुच्छतेने पाहणाऱ्याला जाऊन चिकटला. असा न्याय शब्दांच्या इतिहासात क्वचितच होतो.

तीन शेतकरी

आता आपल्या शेतकऱ्याकडे वळू. एक नव्हे, तीन आहेत.

पहिला ‘चर्ल’. चर्लिश म्हणजे रूक्ष, उर्मट. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकण्यापूर्वी तिथल्या जुन्या भाषेत हा शब्द ‘चेओर्ल’ असा होता, आणि त्याचा अर्थ होता स्वतंत्र शेतकरी. गुलाम नव्हे, सरदारही नव्हे. वेसेक्स राज्याच्या कायद्यांत कोणाचा खून झाला तर मारेकऱ्याने त्याच्या नातलगांना किती भरपाई द्यायची याचे दर ठरलेले होते. चेओर्लच्या जिवाची किंमत २०० शिलिंग, वरच्या दर्जाच्या माणसाची १२००. म्हणजे एका प्रतिष्ठिताच्या बदल्यात सहा शेतकरी. तरीही त्याच्या जिवाला कायद्यात किंमत होती आणि नावाला कलंक नव्हता. इंग्लंडच्या नकाशात चार्लटन नावाची अनेक गावे आहेत. त्यांचा अर्थ चेओर्लांची वाडी.

याच शब्दाचा जर्मन भाऊ ‘कार्ल’. माणूस, पुरुष असा त्याचा अर्थ. त्यावरून विशेषनाम झाले आणि त्या नावाचा एक राजा एवढा मोठा झाला, शार्लमेन, की पूर्वेकडच्या लोकांनी त्याच्या नावालाच ‘राजा’ हा अर्थ दिला. पोलिश भाषेत राजाला ‘क्रूल’ आणि हंगेरियनमध्ये ‘किराय’ म्हणतात, ते कार्लवरूनच. तर एकाच शब्दाची एक पाती सिंहासनावर बसली आणि दुसरी इंग्लंडात शिवी झाली. शब्दाच्या ध्वनीत किंवा मूळ अर्थात बरेवाईट काही नव्हते. नॉर्मन आले, जमिनी त्यांच्या सरदारांकडे गेल्या, स्वतंत्र शेतकरी स्वतंत्र राहिला नाही आणि त्याचे नाव त्याच्याबरोबर खाली गेले. सन १३०० च्या सुमारास चर्ल म्हणजे हलक्या कुळातला आडदांड माणूस, असा अर्थ पक्का झालेला दिसतो.

दुसरा शेतकरी आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे: ‘व्हिलन’. लॅटिन ‘व्हिला’ म्हणजे शेतावरचा वाडा, जमीनजुमला. त्या जमिनीवर राबणारा तो ‘व्हिलानुस’. जेत्या विल्यमने १०८६ साली इंग्लंडच्या गावोगावच्या जमिनी, नांगर, गिरण्या, माणसे यांची मोजणी करवली. ‘डूम्सडे बुक’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिच्यात नोंदलेल्या कुटुंबप्रमुखांपैकी सुमारे चाळीस टक्के व्हिलानुस होते. म्हणजे हा त्या देशातला सर्वांत मोठा वर्ग. पुढच्या दोन शतकांत कायद्याने त्याला आणखी आवळले. मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस फुकट राबायचे, गाव सोडायचे नाही, मुलीचे लग्न करायचे तर मालकाला पैसे भरायचे, आणि मालकाविरुद्ध राजाच्या न्यायालयात दाद नाही. आपल्या वेठबिगारीची आठवण व्हावी असा हा प्रकार.

फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन दरबारात दोन शब्दांची जोडी तयार झाली. दरबारात शोभेल तसा वागणारा तो ‘कुर्त्वा’, ज्यावरून इंग्रजीत कर्टिअस आला, आणि तसा न वागणारा तो ‘व्हिलँ’. एक शब्द दरबारावरून, दुसरा शेतावरून. खेडूत, मग आडमुठा, मग नीच, मग बदमाश. एकोणिसाव्या शतकात तो नाटक-कादंबरीतला खलनायक झाला आणि तिथून आपल्या हिंदी सिनेमात आला. वेठबिगार शेतकऱ्याचा उल्लेख करताना इतिहासकार आता स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदलून ‘व्हिलेन’ लिहितात, वाचकाने घोटाळा करू नये म्हणून!

ज्यांना हे नाव होते त्यांना ते कसे वाटत होते? जून १३८१ मध्ये इंग्लंडात शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. नव्या डोईपट्टीचे निमित्त झाले, पण मुख्य मागण्यांपैकी एक होती ही वेठबिगारी रद्द करण्याची. केंट, एसेक्स आणि आसपासच्या भागांत उठावकऱ्यांनी जमीनदारांच्या कचेऱ्यांतले दप्तर बाहेर काढून जाळले. आपण व्हिलेन आहोत हे ज्यावर लिहिले आहे तो कागदच राहू नये, हा हिशेब होता. चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्डने आधी मुक्तीच्या सनदा दिल्या आणि जोर ओसरताच परत घेतल्या. एसेक्सच्या शेतकऱ्यांचे प्रतिनिधी त्याला भेटले तेव्हा, तुम्ही खेडूत होतात आणि खेडूतच राहाल, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे थॉमस वॉल्सिंगहॅम या बखरकाराने नोंदले आहे. बखर लॅटिनमध्ये आहे आणि तिथला शब्द आहे ‘रुस्तिकी’. भिंगरीच्या नावातला तोच शब्द.

तिसरा शेतकरी ‘बूअर’, असभ्य गावंढळ. हा सोळाव्या शतकात डच आणि उत्तर जर्मन बोलींतून इंग्रजीत आला. तिकडे त्याचा अर्थ फक्त शेतकरी. दक्षिण आफ्रिकेत जाऊन वसलेल्या डच शेतकऱ्यांनी तो अभिमानाने लावला आणि त्यांच्याशी इंग्रजांचे १८९९ ते १९०२ मध्ये युद्ध झाले, ते बोअर युद्ध आपण शाळेत शिकतो. गंमत अशी की जुन्या इंग्रजीतही याचा सख्खा भाऊ होता: ‘गेबूर’, म्हणजे राहणारा, कसणारा. तो स्वतंत्रपणे उरला नाही, पण एका जोडशब्दात लपून राहिला. जवळ राहणारा गेबूर तो ‘नेआहगेबूर’, आजचा ‘नेबर’. शेजारी आणि गावंढळ हे एकाच मुळाचे. जो आपल्या लगत राहतो तो नेबर, आणि जो समुद्रापलीकडे शेती करतो तो बूअर.

‘अनकूथ’ या शब्दात तर हे उघडच आहे. आज त्याचा अर्थ अडाणी, ओबडधोबड. मूळ अर्थ केवळ ‘माहीत नसलेला’. ग्रीकांना परक्यांचे बोलणे ‘बर-बर’ असे ऐकू येई, म्हणून ते बार्बरोस. संस्कृतातही बर्बर आहेच. न कळणाऱ्या माणसाला असभ्य ठरवण्याची खोड एका देशाची नव्हे.

वाचता येणारे आणि न येणारे

‘ल्यूड’ हा शब्द आज केवळ अश्लील वर्तनासाठी वापरतात. जुन्या इंग्रजीत ‘लॅवेदे’ म्हणजे जो धर्मगुरू नाही तो, साधा गृहस्थ. त्या काळी लॅटिन वाचता येई ते मुख्यतः धर्मगुरूंना, म्हणून ल्यूड म्हणजे निरक्षर. चौदाव्या शतकात चॉसरच्या लिखाणात हा अर्थ सर्रास भेटतो. निरक्षर म्हणून हलका, हलका म्हणून वाईट चालीचा, आणि शेवटी फक्त कामुक. निरक्षरतेपासून अश्लीलतेपर्यंतची ही वाट ज्यांनी घातली ते सगळे अर्थातच साक्षर होते.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. इंग्लंडात धर्मगुरूंवर राजाच्या न्यायालयात खटला चालवून त्यांना फाशी देता येत नसे. आरोपी धर्मगुरू आहे हे ओळखायचे कसे? तर वाचता येते का, ते पाहून. हळूहळू ज्याला बायबलमधला एक उतारा मोठ्याने वाचता येईल त्याला ही सवलत मिळू लागली. उतारा बहुधा एकाच स्तोत्राचा असे आणि लोक त्याला ‘मानेचे कडवे’ म्हणत, कारण त्याने मान वाचे. नाटककार बेन जॉन्सनने १५९८ साली द्वंद्वात एका नटाला ठार मारले. हा कडवे वाचून सुटला, आणि पुन्हा ही सवलत मागू नये म्हणून अंगठ्यावर डाग घेऊन घरी गेला. त्याच गुन्ह्यासाठी ‘ल्यूड’ माणूस फासावर जाई. ही सवलत कायद्यातून पूर्णपणे गेली ती १८२७ साली. साक्षरता अभियानात आपण वाचनाचे अनेक फायदे सांगतो. हा कोणी सांगितलेला ऐकिवात नाही.

सी. एस. लुइस हे केंब्रिजचे प्राध्यापक. ‘स्टडीज इन वर्ड्स’ या १९६० सालच्या पुस्तकात त्यांनी या घडामोडीला नाव दिले: दर्जा सांगणारे शब्द नीतीचे शब्द होणे. वरच्या अंगानेही हेच घडते. ‘नोबल’ म्हणजे आधी उच्चकुलीन, मग उदात्त. ‘जेंटल’ म्हणजे आधी चांगल्या घराण्यातला, मग सौम्य. ‘सिव्हिल’ आणि ‘अर्बेन’ दोन्ही नगरावरून. जो वर होता त्याचे नाव सद्गुण झाले आणि जो खाली होता त्याचे नाव दुर्गुण.

इथे पुराव्याविषयी एक शंका घेतली पाहिजे. मरे यांच्या चिठ्ठ्या लिखित मजकुरातून आल्या. चेओर्ल, व्हिलानुस आणि गेबूर यांनी लिहून ठेवलेले जवळजवळ काहीच नाही. ते दरबाऱ्यांना, कारकुनांना, धर्मगुरूंना काय म्हणत होते? नक्कीच काहीतरी म्हणत असणार, आणि ते मजेदारही असणार! पण हाडे दगडात टिकतात आणि मांस टिकत नाही, तसे झाले आहे. कोशात दिसते ते असभ्यतेचे वर्णन अर्ध्याच समाजाने केलेले आहे. वरच्यांना त्यांचेच शब्द परत मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत. मॅथ्यू आर्नल्डने १८६९ साली आपल्या समाजाचे तीन वर्ग पाडले, तेव्हा ‘बार्बेरियन्स’ हे नाव त्याने चक्क उमरावांना दिले. पण तोही कवी आणि शाळा-तपासनीस, शेतकरी नव्हे.

रूड दगड

‘रूड’ हा शब्द मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो वेगळा आहे. तो माणसांचे नाव नव्हता, वस्तूंचा गुण होता. लॅटिन ‘रुडिस’ म्हणजे न घडवलेले, कच्चे: न तासलेला दगड, न कमावलेली जमीन. जेम्स फर्ग्युसनने अजिंठा-वेरूळच्या लेण्यांवर लिहिले हे आपल्याला माहीत असते. त्याच फर्ग्युसनने १८७२ मध्ये जगभरच्या प्रचंड शिळांच्या प्राचीन रचनांवर पुस्तक लिहिले आणि त्यांना ‘रूड स्टोन मॉन्युमेंट्स’ म्हटले. म्हणजे टाकी न लागलेल्या दगडांची स्मारके. ते दगड कोणाशी उद्धटपणे वागले नव्हते!

याच रुडिसवरून ‘रुडिमेंट’, म्हणजे पहिली पायरी, कच्चे रूप. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात निरुपयोगी होऊन खुरटलेल्या अवयवांना ‘रुडिमेंटरी’ म्हटले, ज्यांना आपण आता अवशेषांगे म्हणतो. आणि ज्याचा ओबडधोबडपणा काढून टाकला आहे तो ‘इरुडाइट’, विद्वान. रूड आणि इरुडाइट यांच्यामध्ये फक्त रंधा आहे. ‘क्रूड’चेही असेच. त्याचा मूळ अर्थ कच्चे, रक्ताळलेले मांस. आपला ‘क्रूर’ आणि इंग्रजी ‘रॉ’ हे त्याच फार जुन्या धातूवरून आले आहेत. ‘पोलाइट’ म्हणजे झिलई दिलेला. ‘संस्कृत’ म्हणजे संस्कार केलेली आणि ‘प्राकृत’ म्हणजे स्वाभाविक, तशीच असलेली, ही आपल्याकडची जोडी याच जातीची. प्राकृत मनुष्य म्हणजे सामान्य, असंस्कृत मनुष्य, हा अर्थ आपणही केलाच.

एकदा हे दिसू लागले की आपले शब्दही टोचू लागतात. असभ्य म्हणजे सभेत न शोभणारा. रानटी हा रानावरून, जसा इंग्रजी ‘सॅव्हेज’ जंगलाच्या लॅटिन नावावरून. गावंढळ गावावरून, खेडवळ खेड्यावरून. संस्कृत काव्यशास्त्रात ‘ग्राम्य’ हा शब्दांचा दोषच मानलेला आहे. शिवाय इंग्रजीने आपल्या देशातूनच एक शब्द उचलला: ‘परायाह’, बहिष्कृत, वाळीत टाकलेला. सतराव्या शतकाच्या आरंभी तमिळ मुलखातून तो इंग्रजीत गेला. तो तिथल्या एका अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या नावावरून आला आहे, आणि ते नाव ‘परै’ म्हणजे ढोल यावरून. ढोल वाजवणाऱ्यांचे नाव साऱ्या जगात बहिष्काराचा पर्याय झाले. हे इंग्रजांनी केले म्हणावे, तर त्यांनी जे पाहिले ते आपण आधीच केलेले होते. जातीचे नाव शिवीसारखे वापरताना आपल्या शाळेच्या मैदानावर कोणाला ऐकले नसेल तर तुम्ही भाग्यवान.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाने ‘माझी दिवाळीची सुट्टी’ या निबंधात ‘वावरात गेलो’ असे लिहिले होते. मी त्या ‘वावरा’खाली लाल रेघ मारून शेजारी ‘ग्राम्य’ लिहिले. शेत म्हणायचे, वावर म्हणायचे नाही. मुलाने पुढच्या निबंधात शेत लिहिले. त्याच्या पुढच्या निबंधात त्याने वडिलांबद्दल काही लिहिलेच नाही. वाचलेल्या पुस्तकातला बंगला, बाग आणि माळी लिहिला. व्याकरण निर्दोष होते. मी दहापैकी आठ गुण दिले होते, हे आठवते.

अपूर्णांकाबद्दल विचारणाऱ्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात खरे उत्तर दिले. मग वर्गाने पत्त्यांचा विषय काढला, कारण ‘नेव्ह’ म्हणजे लबाड आणि पत्त्यातला गुलामही नेव्ह, हे एकाला ठाऊक होते. जुन्या इंग्रजीत ‘क्नाफा’ म्हणजे नुसता मुलगा. मग चाकरीचा पोऱ्या, आणि तेराव्या शतकाच्या सुमारास बदमाश. ‘क्निख्त’ म्हणजेही मुलगा, चाकर. पण हा चाकर घोडा आणि हत्यार घेऊन सरदारामागे गेला आणि ‘नाइट’ झाला. दोघे एकाच अंगणातले.

डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या १८६०-६१ सालच्या कादंबरीत लोहाराच्या घरात वाढलेला पिप मोठ्या वाड्यात एस्टेलाबरोबर पत्ते खेळतो. तो गुलामाला ‘जॅक’ म्हणतो. एस्टेला त्याला हसते, कारण बड्या घरांत ‘नेव्ह’ म्हणायची रीत होती आणि जॅक हा हलक्या लोकांचा शब्द. मग ती त्याच्या खरखरीत हातांना आणि जाड बुटांना हसते. तोवर पिपला आपले हात खरखरीत आहेत हे माहीतच नव्हते. अशा कसोट्या पुढेही चालू राहिल्या. ॲलन रॉस या प्राध्यापकाने १९५४ साली फिनलंडच्या एका नियतकालिकात लिहिलेल्या लेखात इंग्लंडचा वरचा वर्ग कोणते शब्द टाळतो याची नोंद केली: आरशाला ‘मिरर’ म्हटले तरी माणसाची पायरी कळते.

पत्त्यांत मात्र एस्टेला हरली. एकोणिसाव्या शतकात पानांच्या कोपऱ्यात अक्षरे छापायची पद्धत आली. किंगसाठी ‘के’ होते, आणि नेव्हही ‘के’नेच सुरू होतो. घोटाळा नको म्हणून ‘जे’ छापले गेले, आणि आज बड्या घरांतही तो जॅकच आहे. आपण मात्र अजून त्याला गुलाम म्हणतो.